दुरुस्ती

पुस्तकाच्या मागच्या पानावर माझी बहीण तीन ओळींत बसवलीय.
नातू वाचतो : जन्म भारतातल्या एका लहान गावी.
लहान? अरे, कन्ना चौकात संध्याकाळी
सायकल हातात धरून चालावं लागायचं, तेव्हासुद्धा.
पुढं लिहिलंय : मुक्काम विनिपेग, कॅनडा.
चार कादंबऱ्या, दोन कवितासंग्रह, एक मांजर.

भूदेवी रापेल्ली. घरात तेलुगू, शाळेत मराठी,
इंग्रजीत आठवीला पस्तीस,
तेही बाईंनी ढकललेले.
विडीची पानं कापता कापता
नखानं पानावर काहीबाही कोरायची.
कारखान्यात छाट निघाली की आई तिला बडवायची.
पण ज्या विड्या पास झाल्या
त्यांच्यावरचं तिचं पहिलं लेखन
कुणीतरी ओढून, थुंकून, पुढं गेलं असणार.

आडेपांच्या मुलाशी लग्न लागलं आणि गेली.
पहिलं पत्र : अन्ना, इथं श्वास नाकातच गोठतो.
मी कळवलं : इथं डांबर चपलेला चिकटतंय,
नळाला चौथ्या दिवशी पाणी.
म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात रात्रपाळीला
ती चादरी धुवायची.
सोलापूरची पोरगी, एवढ्या लांब जाऊन
शेवटी चादरीच.
धुलाईच्या पावत्यांमागं कविता लिहिल्या,
त्यांचं पुस्तक निघालं, चव्वेचाळीस पानी.
किती खपलं? म्हणाली, एकशे दहा.
त्यातली वीस मी घेतली.
नवरा गेला त्या हिवाळ्यात
पहिली कादंबरी अकरा दारांवरून परत आली.
बाराव्या दारी थारा मिळाला. मग बक्षीस,
मग पेपरात फोटो, केस पांढरे,
कपाळावर लहानपणीची खोक तशीच.

अधूनमधून आमच्या रात्री दीडला फोन :
अन्ना, गिरणीचा पहिला भोंगा कितीला?
अन्ना, खळीचा वास कसा सांगायचा?
मी सांगायचो. आंबट. ओल्या भिंतीचा.
हे सगळं कुठं जातंय, विचारलं नाही.

यंदाच्या पार्सलात चौथी कादंबरी.
नातू रोज चार पानं मराठीत सांगतो, अडखळत,
मध्येच मोबाइल बघत.
सातव्या प्रकरणात एक भाऊ आला,
जकार्डचे पुठ्ठे टोचणारा.
मी हातातली भाकरी खाली ठेवली.
त्या भावाच्या हातून पुठ्ठे चुकीचे ओवले जातात,
चादरीवरचा मोर तीन पायांचा निघतो,
साठ चादरी वाया.
भाऊ बापापुढं उभा राहतो, म्हणतो, चूक माझी.
नवव्या प्रकरणात काविळीनं मरतो.

आमच्याकडं असं झालं नव्हतं.
आमच्याकडं नरसय्याला काढलं.
तो कांड्या भरायचा, पुठ्ठ्यांना त्याचा हातही लागत नव्हता.
मी दारातच होतो, गप्प.
तो पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत राहिला,
बराच वेळ. मग उठला.
भूदेवी नऊ वर्षांची. कोपऱ्यात पानं भिजवत होती.
पन्नास वर्षांत तिनं
एका शब्दानं मला विचारलं नाही.

त्या रात्री फोन मी केला. पहिल्यांदाच.
तिकडं दुपार होती, उणे अठ्ठावीस.
म्हणालो, मला मारलंस?
म्हणाली, गोष्टीला लागलं अन्ना.
नुसतं कबूल करून तू तसाच जेवायला बसला असतास
तर कुणाला खरं वाटलं नसतं.

मी हसलो. तीही हसली. मग
फोनमध्ये नुसती तिची खिडकी ऐकू येत होती,
काचेवर वारा.
म्हणालो, भूदेवी, पुढच्या आवृत्तीत एक दुरुस्ती कर.
पायांचे पुठ्ठे मी दोनदा ओवले होते.
त्या मोराला
तीन नाही, चार पाय होते.